फिट टेस्ट घ्यायला शिकताना: २२ पैकी २२ उत्तीर्ण, आणि म्हणूनच शंका

भट्टीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. कोल्हापूर परिसरातील एका फौंड्रीत मी सुरक्षा अधिकारी आहे. आमच्याकडे वाळूच्या साच्यात लोखंड ओतून कास्टिंग केले जाते. नॉक-आऊटला साचा फोडताना आणि फेटलिंगला कास्टिंग घासताना जी धूळ उडते, तिच्यात सिलिका असते. कामगारांना मास्क देण्याची पद्धत आमच्याकडे जुनी आहे; दिलेला मास्क त्या माणसाच्या चेहऱ्याला खरोखर बसतो का, हे पाहण्याची पद्धत मात्र नव्हती. अमेरिकेतील एका ग्राहकाचे प्रतिनिधी कारखाना पाहायला आले, त्यांनी फिट टेस्टच्या नोंदी मागितल्या, आणि हे काम माझ्याकडे आले.

किट विकणाऱ्यांनी अर्धा दिवस प्रात्यक्षिक दाखवले. ज्यांनी ही चाचणी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कामगाराच्या डोक्यावरून एक पारदर्शक हूड घालतात. हूडच्या पुढच्या बाजूला नाकातोंडासमोर एक छोटे छिद्र असते, आणि त्यातून नेब्युलायझरचा (तुषार उडवणाऱ्या उपकरणाचा) फुगा दाबून सॅकरिन या गोड पदार्थाचे तुषार आत सोडतात. आधी मास्क न लावता सौम्य द्रावण फवारतात आणि माणसाला चव किती दाबांनंतर लागते ते पाहतात. दहाच्या आत लागली तर नोंद १०, विसाच्या आत लागली तर २०, तिसाच्या आत लागली तर ३०. तीस दाबांनंतरही चव लागली नाही, तर त्या माणसासाठी ते द्रावण निरुपयोगी ठरते. मग जीभ स्वच्छ झाल्यावर मास्क लावून त्याच संख्येने तीव्र द्रावण फवारतात आणि पुढे दर ३० सेकंदांनी त्याच्या निम्मे दाब देत राहतात. या काळात कामगार एकेक मिनिट साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, मान वर-खाली, बोलणे, कमरेत वाकणे आणि पुन्हा साधा श्वास असे सात प्रकार करतो. तोंड किंचित उघडे आणि जीभ थोडी बाहेर ठेवायची असते. गोड लागले की हवा फटीतून आत येते आहे असे समजायचे आणि चाचणी थांबवायची.

बोलण्याच्या मिनिटात अमेरिकी पद्धतीत एक ठरलेला इंग्रजी उतारा वाचतात. तो आमच्या कामगारांच्या उपयोगाचा नाही. परंतु शंभरापासून उलटे आकडे मोजणे किंवा पाठ असलेली कविता म्हणणे नियमांत चालते. आमच्या बहुतेकांनी गणपतीची आरती म्हटली. हूडमधून येणारी आरती ऐकून बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, हे नियमांत कुठे बसते ते मला माहीत नाही.

तीन दिवसांत मी २२ जणांची चाचणी घेतली आणि सर्व २२ उत्तीर्ण झाले. व्यवस्थापक खूश झाले. मी अभिमानाने त्या नोंदी एका निवृत्त प्रशिक्षकांना दाखवल्या, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "नापास किती झाले?" एकही नाही, असे मी सांगितल्यावर ते म्हणाले, "मग आधी नेब्युलायझर उघडून पाहा." उघडले, तर तीव्र द्रावणाच्या नेब्युलायझरच्या तोंडाशी सॅकरिनचा पांढरा थर बसलेला होता. फुगा दाबला की हवा येत होती, पण तुषार जवळजवळ येत नव्हते. म्हणजे पहिले काही जण सोडले तर बाकीच्यांची चाचणी मी स्वच्छ हवेने घेतली होती.

त्या नोंदी मी रद्द केल्या आहेत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार आहे. त्याआधी अनुभवी मंडळींना विचारायचे आहे की, नेब्युलायझर सोडून माझे आणखी काय चुकले असण्याची शक्यता आहे. दुसरे, आमच्याकडे तंबाखू-चुना आणि मावा खाणारे बरेच आहेत. त्यांच्या जिभेवर कितपत विसंबावे? आणि तिसरे, श्रावणात दाढी न करणाऱ्यांचे काय करावे?

मापनवेडी

नोंदी रद्द केल्याबद्दल प्रथम तुमचे अभिनंदन. पुण्यात मी औद्योगिक आरोग्य मापनाचे काम करते, आणि रद्द केलेली नोंदवही मी फार कमी वेळा पाहिली आहे.

सॅकरिनचे तीव्र द्रावण १०० मिलिलिटर कोमट पाण्यात ८३ ग्रॅम इतके घट्ट असते. एवढे घट्ट द्रावण थोडे वाळले तरी खडे धरणारच. म्हणून अमेरिकी नियमावली सांगते की नेब्युलायझर सकाळ-दुपार, किंवा निदान दर चार तासांनी, पाण्याने धुवून झटकून कोरडा करून पुन्हा भरावा. मी त्यापुढे जाऊन प्रत्येक कामगाराआधी काळ्या कापडासमोर एक दाब देऊन पाहते. तुषार डोळ्यांना दिसले नाहीत तर पुढे जात नाही. दाबतानाही फुगा पूर्ण चेपला पाहिजे आणि सोडल्यावर पूर्ण फुगू दिला पाहिजे. दहा-बारा माणसांनंतर हात दुखू लागतो आणि दाब अर्धवट पडू लागतात, हे मला स्वतःच्या हातावरून कळले आहे. दोन नेब्युलायझरवर ठळक खुणा करा. सौम्य द्रावण मास्कच्या चाचणीत वापरले गेले, तर सगळे आनंदाने उत्तीर्ण होतात.

आता एक प्रश्न विचारते. तुम्ही चव-चाचणी आणि मास्कची चाचणी प्रत्येक माणसाची लागोपाठ घेतली का?

भट्टीकाठ

नाही. वेळ वाचावा म्हणून सकाळी सर्वांची चव-चाचणी उरकली आणि दुपारच्या जेवणानंतर मास्कची चाचणी घेतली.

मापनवेडी

मग तुमची दुसरी चूक हीच आहे. चाचणीआधी १५ मिनिटे खाणे, धूम्रपान, च्युइंगम, आणि साध्या पाण्याव्यतिरिक्त काहीही पिणे वर्ज्य असते. सकाळी ज्या जिभेची नोंद तुम्ही १० अशी केली, ती दुपारी तांबडा रस्सा, साखरेचा चहा आणि चिमूटभर तंबाखू घेऊन आली. ती आता १० ची राहिली आहे की तिला काहीच कळत नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही. सॅकरिनच्या चाचणीत गोड चहा हा सर्वांत मोठा शत्रू आहे, आणि कोल्हापुरात चहा किती गोड करतात हे मी तिथे राहून अनुभवले आहे.

तंबाखू खाणाऱ्यांसाठी कडू द्रावणाचे किट घेऊन पाहा. त्यात डेनाटोनियम बेंझोएट असते. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये भूल देणाऱ्या औषधांवर संशोधन चालू असताना ते हाती लागले, आणि माणसाला ठाऊक असलेल्या पदार्थांत ते सर्वांत कडू मानले जाते. ज्यांना सॅकरिन तीस दाबांनंतरही लागत नाही, त्यांतील बऱ्याच जणांना हे लागते, असा माझा अनुभव आहे. हेही लागले नाही, तर त्या माणसाची चाचणी जिभेवर सोडू नये, यंत्राने घ्यावी.

आणि सर्वांत उपयोगी युक्ती अशी. माणूस उत्तीर्ण झाला की हूड काढण्याआधी त्याला मास्कची कड बोटाने किंचित उचलायला सांगा. त्याच क्षणी त्याचे तोंड गोड किंवा कडू झाले पाहिजे. झाले नाही, तर तुषार पोहोचत नाहीत, जीभ काम करत नाही किंवा माणूस खरे सांगत नाही. तिन्ही बाबतींत निकाल रद्दच.

हिशेबनीस

कोणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही, परंतु हिशेब मांडावासा वाटतो. एका माणसामागे २० मिनिटे धरली, तरी २२ जणांना सात तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ग्राइंडर बंद राहतो. मास्क लावल्यावर दोन्ही तळहात त्यावर धरून जोरात श्वास सोडायचा आणि कडेने हवा येते का ते पाहायचे, एवढे प्रत्येकाला शिकवले तर पुरे नाही का?

टाईनकाठ

इंग्लंडच्या ईशान्येला जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात मी फिट टेस्ट घेतो, म्हणून उत्तर देतो. तुम्ही सांगता ती सील तपासणी आवश्यकच आहे आणि मास्क लावताना प्रत्येक वेळी करायची आहे. पण ती आज मास्क नीट लावला गेला का, एवढेच सांगते. मुळात हा मास्क या चेहऱ्यासाठी योग्य आहे का, याचे उत्तर तिच्यापाशी नाही. गालाशी असलेली बारीक फट तळहाताला जाणवत नाही, आणि श्वसनमार्गात खोलवर जाणारी सिलिका डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक असते. धूळ दिसत नाही म्हणून धूळ नाही, असे तुम्ही म्हणणार नाही. मग फट जाणवत नाही म्हणून फट नाही असे तरी का म्हणावे?

माझ्याकडे कणमोजणी यंत्र आहे. मास्कला एक बारीक नळी जोडून ते बाहेरच्या आणि आतल्या हवेतील कण मोजते आणि त्यांचे गुणोत्तर काढते. त्यालाच फिट फॅक्टर म्हणतात. अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला किमान १०० लागतो, म्हणजे बाहेरच्या शंभर कणांमागे आत एकापेक्षा जास्त नको. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला अमेरिकेत ५०० आणि ब्रिटनमध्ये २००० लागतो, त्यामुळे ब्रिटनमध्ये त्याची चाचणी चवीने घेत नाहीत. यंत्रामुळे जिभेचा आणि खरे-खोट्याचा प्रश्न मिटतो. पण कापडी गाळणीच्या एन-९५ मास्कमध्ये काही कण फटीतून न येता गाळणीतूनच येतात आणि साधे यंत्र त्यांनाही गळतीत धरते. म्हणून त्या मास्कसाठी यंत्राची वेगळी पद्धत निवडावी लागते. ती निवडायला विसरलेला परीक्षक चांगले मास्क नापास करत बसतो. मी पहिल्या आठवड्यात हेच केले.

इथे फिट-टू-फिट नावाची मान्यता योजना आहे. तिच्यात लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा असतात, आणि चवीची पद्धत व यंत्राची पद्धत यांची मान्यता वेगवेगळी मिळते. शिवाय इथे चाचणीचे प्रकार करताना माणसाला पायरीवर चढ-उतार करायला लावतात, कारण खुर्चीवर बसून कोणी जहाज घासत नाही.

दाढीबद्दल माझे उत्तर सरळ आहे: मास्कची कड जिथे टेकते तिथे केस असतील, तर चाचणीच घेऊ नये. एका दिवसाचे खुंटही चालत नाहीत. मिशीला हरकत नाही, ती कडेच्या आत राहत असेल आणि झडपेत अडकत नसेल तर. कोल्हापूरकरांच्या मिशा डोळ्यांसमोर आणता यातील दुसरी अट तपासूनच घ्यावी, असे सुचवतो.

भट्टीकाठ

मिशीचा मुद्दा मान्य. श्रावणाचा मात्र अजून सुटत नाही. दाढी काढा असे मी सांगू शकत नाही, आणि सांगूही इच्छित नाही.

टाईनकाठ

सांगू नकाच. इथे शीख आणि मुस्लिम सहकारी बरेच आहेत. त्यांच्यासाठी कमरेला पंखा-बॅटरी बांधून गाळलेली हवा सैल हूडमध्ये सोडणारे उपकरण वापरतात. ते चेहऱ्याला घट्ट टेकत नसल्याने त्याला फिट टेस्ट लागत नाही. महाग आहे, हे खरे. एवढा खर्च शक्य नसेल, तर त्या महिन्यात त्यांना धुळीच्या जागेवरून हलवून दुसरे काम द्या, पण पगारात आणि ओव्हरटाइममध्ये कपात न करता.

मिरजेची_वैद्य

आमच्या क्षयरोग विभागात एन-९५ मास्क रोजचे आहेत, म्हणून रुग्णालयाच्या बाजूने थोडे लिहिते. आमच्या परिचारिकांपैकी अनेकींचे चेहरे लहान आहेत. एकाच मापाचे खोके मागवणारा खरेदी विभाग असेल, तर फिट टेस्ट म्हणजे नापास होणाऱ्यांची यादी करणे एवढेच उरते. चाचणीच्या दिवशी निदान दोन-तीन बनावटींचे आणि मापांचे मास्क टेबलावर असले पाहिजेत. कानाला अडकवायच्या पट्ट्यांचे मास्क आमच्याकडे क्वचितच टिकतात. डोक्यामागे दोन पट्ट्या असलेलेच घ्या. वरची पट्टी डोक्याच्या मागच्या उंच भागावर आणि खालची कानांखालून मानेवर, एकमेकींना न ओलांडता. नाकावरची पट्टी एका हाताच्या चिमटीने दाबली, की मध्ये टोक येऊन दोन्ही बाजूंना फटी राहतात. दोन्ही हातांची बोटे वापरून ती नाकाच्या आकारानुसार बसवावी.

डॉक्टर म्हणून एक आग्रह आहे. चाचणीआधी कामगाराची वैद्यकीय तपासणी व्हावी. ज्याला दमा आहे किंवा जिन्याच्या एका मजल्यात धाप लागते, त्याला मास्क बसतो का हा दुसरा प्रश्न. त्याने मास्क घालून आठ तास काम करावे का, हा पहिला. आणि फेटलिंगला बारा-पंधरा वर्षे काढलेल्या माणसाच्या छातीचा एक्स-रे पाहिल्याशिवाय मी तरी त्याला पुढे पाठवणार नाही. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकेच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार, हा कायद्याने कळवण्याजोगा आजार आहे.

ग्राइंडरवाला

मी या धाग्यात लिहावे की नाही याचा विचार करत होतो. भट्टीकाठ साहेबांच्या कारखान्यात मी नाही, पण शेजारच्याच एमआयडीसीत फेटलिंगला काम करतो, आणि आमचीही अशी चाचणी झाली आहे. समोरच्या बाजूने काय घडते ते सांगतो.

मला गोड लागले होते. मी बोललो नाही. माझ्याआधीच्या दोघांनाही लागले होते, असे त्यांनी नंतर चहाच्या टपरीवर सांगितले. आम्ही ठेकेदाराकडचे कामगार आहोत. चाचणीच्या आदल्या दिवशी सूचना आली की, "उद्या मास्कची परीक्षा आहे, नापास होणाऱ्यांची नावे वर जातील." नावे वर जातील, याचा अर्थ आम्ही काय लावणार? साहेबांना मास्कची परीक्षा म्हणायचे असेल, पण आम्ही ती आमचीच परीक्षा समजलो.

आणखी एक गोष्ट. चाचणीला कोरा करकरीत मास्क दिला होता. कामावर तोच मास्क आम्ही आठवडाभर वापरतो, चौथ्या दिवशी पट्टी सैल होते आणि आम्ही तिला गाठ मारतो. चाचणीच्या वेळी डोक्यावर हेल्मेट नव्हते, डोळ्यांवर गॉगल नव्हता. कामावर गॉगल लावला की तो नाकावरची पट्टी वर ढकलतो. ज्या अवस्थेत आम्ही धूळ खातो, त्या अवस्थेत आमची चाचणी झालीच नाही.

मापनवेडी

ग्राइंडरवाला, तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले. गॉगल आणि हेल्मेटचा मुद्दा नियमावलीतही स्पष्ट आहे: कामावर जी सुरक्षा साधने वापरली जातात आणि ज्यांचा सीलवर परिणाम होऊ शकतो, ती घालूनच चाचणी व्हावी. आणि चव लपवण्याबद्दल तुम्हाला दोष देता येत नाही. चाचणी घेणाऱ्याने काय बोलून सुरुवात करावी हे मला कोणत्याही किटच्या पुस्तिकेत आढळलेले नाही, आणि शिकण्यातला अवघड भाग तोच आहे.

मी स्वतः काय करते ते सांगते. सुरुवातीला सर्वांसमोर मीच हूडमध्ये जाते, मुद्दाम मोठ्या मापाचा मास्क लावून. मला चव लागते, मी हात वर करते, मास्क बदलते आणि पुन्हा बसते. नोंदवहीत "नापास" हा शब्द मी वापरत नाही. "हा मास्क बसत नाही, दुसरा दिला" असे लिहिते. आणि ठेकेदाराच्या माणसाला त्या खोलीत थांबू देत नाही.

भट्टीकाठ, एक कटू गोष्ट शेवटी लिहिते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार श्वासाबरोबर आत जाणाऱ्या धुळीची मर्यादा १० भागिले (क्वार्ट्झची, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेची, टक्केवारी अधिक २) मिलिग्रॅम प्रति घनमीटर अशी काढत. त्या सूत्राने क्वार्ट्झ १८ टक्के असेल, तर मर्यादा ०.५ मिलिग्रॅम. अर्ध्या चेहऱ्याचा नीट बसलेला मास्क अमेरिकी नियमांत दहापट संरक्षणाचा धरतात, म्हणजे हवेत ५ मिलिग्रॅमपर्यंत. तुमच्या नॉक-आऊटला धूळ किती आहे हे मोजले आहे का? ती याहून अधिक असेल, तर २२ च्या २२ जण खरेच उत्तीर्ण झाले तरी तो मास्क पुरत नाही.

हिशेबनीस

माझा सात तासांचा हिशेब मी मागे घेतो. पण मग धूळ खेचणाऱ्या यंत्रणेवर आधी खर्च का करू नये, हा प्रश्न उभा राहतोच.

भट्टीकाठ

करायलाच हवा, आणि तो प्रस्ताव मी वर्षभरापूर्वी दिलेला आहे. नॉक-आऊटचे धूळ खेचणारे हूड आणि डक्ट जुने आहेत, गळतात. मास्क हा त्याला पर्याय नाही, हे मला मान्य आहे. धुळीचे मापन शेवटचे कधी झाले ते मी आजच फाइलमध्ये पाहिले, आणि ताई, तो आकडा इथे लिहिण्याइतका ताजा नाही. नव्याने मापन करायला सांगितले आहे.

या धाग्यानंतर काल आणि आज मिळून फक्त सात जणांची चाचणी घेतली. प्रत्येकाची चव-चाचणी आणि मास्कची चाचणी लागोपाठ, चहाच्या सुट्टीच्या आधी, हेल्मेट आणि गॉगलसह. हूडमध्ये आधी मी बसलो. माझ्या चेहऱ्याला मोठा मास्क लावून गोड लागल्यावर मी हात वर केला, तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "साहेब गेले!" आणि सगळे हसले. त्यानंतर तिघांनी हात वर केला. त्यांतल्या दोघांना दुसऱ्या मापाचा मास्क बसला. तिसऱ्याला टेबलावरचा एकही बसला नाही. त्याच्यासाठी रबरी अर्ध्या चेहऱ्याचा मास्क मागवला आहे, आणि तो येईपर्यंत त्याला पॅटर्न शॉपला (साच्यांचे नमुने बनवतात तिथे) ठेवले आहे, त्याच पगारावर. ठेकेदाराशी त्यावरून थोडी बोलाचाली झाली.

नोंदवहीत एक नवा रकाना आखला आहे: "कड उचलल्यावर चव लागली का?" सातांपैकी सहांपुढे होय आहे. सातवा रकाना मी रिकामा ठेवला आहे. त्याला मास्क लावूनही चव लागली नाही आणि कड उचलूनही लागली नाही. नेब्युलायझर तपासला, तुषार व्यवस्थित होते. उद्या त्याला कडू द्रावण देऊन पाहणार आहे. त्याने आज सकाळी मावा खाल्ला होता का, हे विचारले तर तो नाही म्हणाला, पण खिशातली पुडी दिसत होती.

ग्राइंडरवाला

साहेब, उद्या त्याला पहिला नंबर द्या, पाळी सुरू होताच. तोपर्यंत पुडी उघडलेली नसते.